सातबाऱ्यावर न दिसणारं कर्ज

यवतमाळ जिल्ह्यात कर्जावर बोलणं सुरू झालं की ते लगेच कर्जमाफीवर येऊन थांबतं. २००८ ची केंद्राची माफी झाली, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना झाली, २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना झाली. तिन्ही वेळा विषय होता बँकेच्या आणि सोसायटीच्या शेतीकर्जाचा. कास्तकाराच्या घरात मात्र कर्ज एकाच दाराने येत नाही. कृषी केंद्राची उधारी असते, घरच्या बाईच्या नावावर मायक्रोफायनान्सचा हप्ता असतो, लग्नासाठी शेकडा पाच रुपयांनी उचललेले पैसे असतात, दवाखान्यासाठी गहाण पडलेली पोत असते. यातलं काहीच सातबाऱ्यावर चढत नाही, म्हणून कोणत्याही सरकारी यादीतही येत नाही. कर्जाचा हिशोब आता घराचा मांडला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आधी घराने तो स्वतःसाठी मांडावा. मग बँकेने, ग्रामसभेने आणि सरकारने तो खरा मानून आपले नियम त्याप्रमाणे बदलावेत.

१. सगळं कर्ज एका वहीत उतरवा, आणि व्याज वर्षाचं लिहा.

साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक कर्जासाठी एक ओळ: कोणाकडून घेतलं, मुद्दल किती राहिलं, वर्षाला व्याज किती, गहाण काय आहे, आणि फेडायचं केव्हा. यातला व्याजाचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण गावात व्याज महिन्यावर सांगतात आणि बँकेत वर्षावर. त्यामुळे सावकाराचे ‘पाच टक्के’ बँकेच्या बारा टक्क्यांपेक्षा कमी वाटतात. शेकडा पाच रुपये महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के. ५०,००० रुपये घेतले तर दर महिन्याला २,५०० रुपये व्याज, वर्षाला ३०,०००, आणि वीस महिन्यांत मुद्दलाइतकं व्याज देऊनही मुद्दल जागच्या जागी. दिडीचा व्यवहार तर याहून जड आहे. मृगाच्या तोंडावर २०,००० घेतले आणि कापूस निघाल्यावर डिसेंबरात ३०,००० दिले, तर सहा महिन्यांत पन्नास टक्के गेले, म्हणजे वर्षाला शंभर. याउलट डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. शून्य, मायक्रोफायनान्सचे चोवीस, साठ आणि शंभर हे चारही आकडे एकाच घरात एकाच वेळी चालू असतात आणि घरातल्या कोणालाच ते एकत्र ठाऊक नसतात. नवऱ्याला गटाचा हप्ता माहीत नसतो, बायकोला सावकाराची चिठ्ठी माहीत नसते. वही लिहायला बसलेल्या पहिल्या रात्री बोलाचाली होईल. ती होऊ द्या.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: वही लिहून कापसाला भाव मिळतो का? नाही मिळत. भाव, पाऊस, बोंडअळी यांतलं काहीही वहीच्या हाती नाही, आणि शेतकऱ्याला काटकसरीचे धडे देऊन हमीभावाच्या प्रश्नावरून हात झटकणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. पण साठ टक्क्यांचं कर्ज अंगावर असताना शून्य टक्क्याचं थकवणं, किंवा एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज उचलणं, हे नुकसान भावाच्या नुकसानीवर आणखी चढतं. ते वहीने थांबतं.

२. उत्पन्न वर्षातून एकदा येतं आणि हप्ता दर महिन्याला. खरी अडचण इथे आहे.

एक उदाहरण मांडतो. पाच एकर कोरडवाहू, सगळा कापूस, मधल्या तुरीच्या ओळी घरच्या डाळीपुरत्या. एकरी पाच क्विंटल आणि हाती ७,००० रुपये भाव धरला तर १,७५,००० रुपये आले. आता खर्च. बीटी बियाण्याचं पाकीट २०२५ च्या हंगामात ९०१ रुपयांचं होतं. एकरी दोन म्हणजे दहा पाकिटांचे ९,०१० रुपये. खत २५,०००, फवारणी १५,०००, नांगरणी-वखरणी-डवरणी २०,०००, निंदण २०,०००, आणि वेचाई किलोला १० रुपयांनी २५,०००. बेरीज १,१४,०१०. उरले ६०,९९०. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून १२,००० आणि घरात लाडक्या बहिणीचे पैसे पूर्ण येत असतील तर १८,००० मिळवा. वर्षाचे झाले जवळपास ९१,०००, महिन्याला साधारण साडेसात हजार. दुसऱ्याच्या वावरात केलेल्या मजुरीचं वेगळं, पण ती पावसावर आणि अंगातल्या बळावर. आकडे आपापल्या शेताप्रमाणे बदलून घ्या, आकार तोच राहील.

याच घरात ४०,००० रुपयांची दोन मायक्रोफायनान्स कर्जं दोन वर्षांच्या मुदतीने, २४ टक्क्यांनी असली, तर दोन्हींचे मिळून महिन्याला सव्वाचार हजारांच्या आसपास जातात. पोळ्याला घरात कापसाचं बोंडही आलेलं नसतं, पण हप्त्याची तारीख येते. मग हप्त्यासाठी हात उसने, त्यासाठी दिडी, आणि दिवाळीत पहिली वेचणी होताच ओला कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर. हमीभावाने घेणाऱ्या सीसीआयचा चुकारा बँकेत यायला दिवस लागतात. व्यापारी रोख देतो, म्हणून हमीभावापेक्षा कमी दर मुकाट्याने घ्यावा लागतो. भावातली ही तूटसुद्धा कर्जाच्या व्याजातच धरली पाहिजे.

म्हणून घराचं अंदाजपत्रक महिन्याचं नको, मृग ते मृग असं वर्षाचं हवं. चुकारा जमा होईल त्याच दिवशी पुढच्या जूनचे पैसे बाजूला काढा. बियाणं, खताचा पहिला हप्ता, मुलांची वह्या-पुस्तकं आणि शाळेची फी एकाच महिन्यात येतात, आणि वर्षभराचं महाग कर्ज याच महिन्यात जन्म घेतं. दहा-पंधरा हजार जरी मुदत ठेवीत किंवा पोस्टात अडकवून ठेवले, तरी कृषी केंद्रात रोखीने जाता येतं. उधारीवर नेणाऱ्याला भाव विचारता येत नाही, आणि दुकानदार देईल तो वाण, देईल ते औषध घ्यावं लागतं. रोखीवाला पावती मागू शकतो. सोयाबीन, तूर, हरभऱ्यासाठी बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे: माल गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी घ्या. आपल्या तालुक्याची समिती ही योजना राबवते का, हे संचालकांना निवडणुकीआधी विचारायला हवं. मतं मागायला ते येतातच.

३. पीककर्ज थकवू नका, माफीची आशा असली तरी.

हा मुद्दा लिहिताना मला ठाऊक आहे की अनेकांना तो आवडणार नाही. दर निवडणुकीत माफीचं आश्वासन येतं आणि मार्चमध्ये सोसायटीची वसुली बसते. भरणाऱ्याला वाटतं आपण मूर्ख ठरलो. सरकारने हे वाटणं स्वतः ओढवून घेतलं आहे: २०१७ आणि २०१९ च्या योजनांत नियमित फेड करणाऱ्यांसाठी प्रोत्साहन रक्कम ठेवली, पण थकलेल्याला मिळालेल्या माफीपुढे ती थोडी होती. तरीही घराच्या हिशोबाने पाहा. थकबाकीदार झालेल्याची शून्य टक्क्याची सवलत जाते, पुढचं पीककर्ज मिळत नाही, आणि जूनमध्ये तो साठ टक्क्यांच्या दारात उभा राहतो. दोन हंगाम असे काढले की माफीत मिळणाऱ्या रकमेचा मोठा भाग सावकाराकडे गेलेला असतो. पैसा कमी असेल तर ‘नवं-जुनं’ करायला, म्हणजे जुनं भरून नवं कर्ज उचलायला, उसने घेतलेले पैसेही आठ-पंधरा दिवसांचे असावेत, आणि बँकेने नवं कर्ज त्या मुदतीत द्यावं. बँका इथेच घोळ घालतात. एप्रिलात मागितलेलं कर्ज ऑगस्टात मंजूर झालं तर त्याचा पेरणीला उपयोग काय? पीककर्जाचं उद्दिष्ट वर्षाअखेरीच्या टक्केवारीवर मोजण्याऐवजी १५ जूनपर्यंत किती वाटप झालं यावर जिल्हाधिकाऱ्यांनी बँकांचा आढावा घ्यावा. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत तो लिहून लावलेला असला पाहिजे.

४. सावकाराच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूचा आहे, आणि तो वापरला जात नाही.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ पासून लागू आहे. त्याखालच्या दरांनुसार परवानाधारक सावकार शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून अधिक व्याज घेऊ शकत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. प्रत्येक रकमेची पावती देणं बंधनकारक आहे. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आपल्याकडचा खरा फास कोऱ्या चेकपेक्षा खरेदीखताचा आहे. पैसे देताना सावकार गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो. तोंडी सांगतो, ‘पैसे दे, वावर परत लावून देतो.’ कास्तकार त्याच वावरात राबत राहतो, व्याज भरत राहतो, आणि एक दिवस फेरफार झालेला कळतो. या प्रकारावर कायद्यात उपाय आहे. सावकारीच्या व्यवहारातून जमीन गेली असेल तर अर्ज केल्याच्या आधीच्या १५ वर्षांतल्या व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, करू शकतात आणि खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. तालुक्याला सहायक निबंधकांकडे तक्रार देता येते. बाजारभावापेक्षा फार कमी किंमत, जमिनीचा ताबा अजून आपल्याकडे असणं, फोनवरचे व्याजाचे निरोप, शेजाऱ्यांचे जबाब, हे सगळं पुरावा म्हणून जपून ठेवा. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी भागातल्या कोलाम, गोंड, परधान बांधवांसाठी आणखी एक संरक्षण आहे: आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर होऊच शकत नाही. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

तक्रार का होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. सावकार गावातलाच असतो, बरेचदा पुढारीही असतो, आणि पुढच्या अडचणीत पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं. म्हणून एकट्याने अर्ज करण्यापेक्षा त्याच सावकाराच्या चार-पाच खातेदारांनी एकत्र जावं. निबंधक कार्यालयानेही अर्जाची वाट न पाहता वर्षातून एकदा प्रत्येक मोठ्या गावात बसून तक्रारी घ्याव्यात.

५. मायक्रोफायनान्सला नियम आहेत. ते हप्ता घ्यायला येणाऱ्या माणसाला म्हणून दाखवा.

रिझर्व्ह बँकेचे हे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं असं कर्ज विनातारणच असतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वरच्या उदाहरणातल्या घराला ही मर्यादा पावणेचार हजारांच्या आसपास येते, म्हणजे हप्ते सव्वाचार हजारांवर नेणारं दुसरं कर्ज द्यायलाच नको होतं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. वसुली ठरलेल्या ठिकाणी व्हायची. घरी यायचं तर आधी लागोपाठ दोनदा हप्त्याच्या वेळी बाई गैरहजर राहिलेली असावी लागते. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. एकीचा हप्ता चुकला म्हणून बाकीच्या बायकांना रात्रीपर्यंत बसवून ठेवणं, शिवीगाळ करणं, हे सरळ नियमाबाहेरचं आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याची माहिती १४४४८ वर मिळते. मोबाइलच्या कर्ज ॲपबद्दल एवढंच सांगतो, की घेऊ नका.

६. वहीवर घरच्या बाईचा हात असला पाहिजे.

उमेद आणि माविमच्या बचत गटांत बायका पंचसूत्री पाळतात: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी. म्हणजे हिशोबाची शिस्त गावात आहे, फक्त ती गटाच्या पेटीत बंद आहे. तीच बाई घरी आल्यावर तिला सावकाराचं नावही सांगितलं जात नाही. नवरा गेल्यावर मात्र सगळे घेणेकरी तिच्याच दारात येतात. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं होतं. आत्महत्या केलेल्या कास्तकाराची पत्नी त्या मांडवात उभी राहून बोलली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ऐकलं. आपल्या गावातल्या अशा बाईचं घरातच ऐकलं गेलं असतं तर किती कर्जं वेळीच कळली असती.

एक कायद्याची गोष्ट प्रत्येक बाईला ठाऊक असावी. मृत नवऱ्याच्या कर्जाची जबाबदारी वारसावर येते ती फक्त वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरती. तिच्या स्वतःच्या मजुरीवर, गटातल्या बचतीवर, स्त्रीधनावर घेणेकरी हक्क सांगू शकत नाही. जामीन म्हणून तिने स्वतः सही केली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून न वाचता सही नको. आणि सातबाऱ्यावर तिचं नाव आजच लावून घ्या. सासऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर विधवेला पीककर्ज मिळत नाही.

७. दवाखाना, लग्न, दारू.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार मोफत आहेत आणि यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गहाण टाकायला निघण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. लग्नाबद्दल गाडगेबाबांनी याच वऱ्हाडात गावोगाव सांगून ठेवलंय, मी वेगळं काय सांगणार? सामूहिक विवाहाची आणि नोंदणी विवाहाची सरकारी योजना आहे. गावातल्या दोन प्रतिष्ठित घरांनी आपल्या मुली तशा उजवल्या तर गरिबाची मान खाली जाणार नाही. सुरुवात त्यांनीच करायची आहे. दारूचा खर्चही वहीत लिहा, रोजचा रोज. दारूबंदीच्या मतदानात निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर गावातलं परवान्याचं दुकान बंद होतं.

८. बचत कुठे ठेवता तेही पाहा.

यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा खातेदाराला ५,००० रुपयेच काढता येत होते. पुढच्या नोव्हेंबरात बँकेचा परवाना रद्द झाला. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला असा विमा नसतो, भिशीला तर कागदही नसतो. व्याज अर्धा-एक टक्का कमी मिळालं तरी जूनचे पैसे बँकेत किंवा पोस्टातच असू द्यात.

९. सरकारने कर्जाची व्याख्या बदलावी.

१९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्यासह त्यांचं पूर्ण कुटुंब संपलं. राज्यातली शेतकरी आत्महत्येची पहिली जाहीर नोंद म्हणून तो दिवस पाळला जातो. त्या दिवशी एक घर गेलं होतं. पण २००६ पासून चालत आलेल्या मदतीच्या निकषांत अजूनही सातबारा कोणाच्या नावावर, आणि कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं की मान्यताप्राप्त सावकाराचं, हेच तपासलं जातं. बायकोच्या नावावरचं मायक्रोफायनान्स कर्ज, बेकायदा सावकाराची चिठ्ठी, कृषी केंद्राची उधारी त्यात बसत नाही, आणि घर ‘अपात्र’ ठरतं. मदत १ लाखाचीच राहिली आहे, त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. घरातल्या सर्व प्रौढांचं, सर्व प्रकारचं कर्ज या निकषांत धरलं गेलं पाहिजे. २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियान प्रायोगिक म्हणून ज्या दोन जिल्ह्यांत सुरू झालं, त्यांतला एक आपला. त्याच जिल्ह्यातून ही मागणी गेली तर तिला वजन येईल.

ग्रामसभेचं काम यापुढचं. १ मेची ग्रामसभा पेरणीच्या आधी येते. तिथे कोणाचंही नाव न घेता, फक्त गावाच्या बेरजा वाचल्या जाव्यात: सोसायटीचं कर्ज किती, मायक्रोफायनान्सचं किती, खाजगी किती. बचत गटांच्या बायकांनी घरोघरच्या चिठ्ठ्या नाव न लिहिता गोळा केल्या तर हे एका आठवड्यात होतं, आणि कोणाची इज्जत चव्हाट्यावर येत नाही. त्या सभेला सोसायटीचे सचिव, बँकेचे शाखाधिकारी आणि सहायक निबंधक यांना लेखी बोलवा, आले नाहीत तर तसा ठराव लिहा.

आणि ज्या घरात वही उघडायचीही ताकद उरलेली नाही, तिथे आज संध्याकाळीच जा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फोन लावून द्या, आणि तो माणूस बोलेपर्यंत त्याच्याजवळ बसा.